चिखलाचा प्रसाद

खाण्याची वस्तू आणि खेळण्याची वस्तू यांच्यात अंतर राखणे, हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. "ताटाशी खेळू नको" आणि "खेळणं तोंडात घालू नको" या दोन वाक्यांवर आजवरच्या सगळ्या पिढ्या वाढल्या. ज्यांना वाक्यं कळली नाहीत त्यांना ती पाठीत धपाटा घालून समजावण्यात आली. खामगावात मात्र हे अंतर एका दुपारी, वैजनाथरावांच्या घरच्या पितळी परातीत, कायमचं मिटलं. परातीत चिखल होता. खजूर, कोको आणि घरचं तूप घालून केलेला.

चिखल केला होता सुनेने. सून स्नेहलता मूळची अमरावतीची, एम.एस्सी. झालेली, दुपारी आतल्या खोलीत बसून ऑनलाइन शिकवण्या घेणारी. मुलगा गोविंदा अकोल्याला बँकेत असतो, सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, त्यामुळे या हकिकतीत त्याला काही काम नाही. नातू चिन्मय, वय दीड वर्ष. त्याच्या बुद्धीसाठीच हा चिखल होता.

कारण असं, की लहान मूल बोटांनी शिकतं. ओलं, चिकट, रवाळ, बुळबुळीत असं जितकं जास्त हाताला लागेल तितके मेंदूतले धागे जुळत जातात, असं 'बोटांतून बुद्धी' नावाच्या व्हॉट्सॲप गटावर गार्गीताई सांगत. (गार्गीताईंना कोणी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा आवाज फार शांत होता.) आता या वयात हातातलं सगळं तोंडात जातं, म्हणून खेळाचं द्रव्य खाण्याजोगं हवं. याला 'सेन्सरी प्ले' म्हणतात, आणि त्याचे नियम गटाने ठरवून दिलेले होते. द्रव्य खाण्याजोगं असावं. परंतु ते खाऊ नाही, हे बाळाच्या मनावर ठसवावं. तरीही बाळाने खाल्लंच, तर रागावू नये. नाही खाल्लं, तर काळजी करू नये. काहीही झालं तरी फोटो टाकावा. यातला शेवटचा नियम सोडून बाकी सगळ्यांना सवलत होती.

आता वैजनाथराव. एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, शेरा मारण्यातून होत नाही, त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शेरा असे. फक्त एकाच बाबतीत त्यांचं काही चालत नव्हतं, आणि ती बाब म्हणजे त्यांचं जेवण. त्यांना साखर होती. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांनी या साखरेचा कारभार पूर्णपणे आपल्या हाती घेतला होता. अन्नपूर्णा हे नाव धारण करून एखाद्याला इतकं कमी अन्न देणारी दुसरी बाई वऱ्हाडात सापडणार नाही, असं वैजनाथरावांचं मत होतं, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. सकाळी मेथीदाण्याचं पाणी. दुपारी अर्धी भाकर आणि बिनतेलाचा दुधी. संध्याकाळी तोच दुधी, पण किसून. वर्ज्य पदार्थांत जिलबी, आमरस, पाहुण्यांनी आणलेले पेढे, शेगावची कचोरी आणि या सगळ्यांचा नुसता उल्लेख, हेही आलं. गोडाच्या कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला असे.

तर पहिल्या दिवशी परातीत चिखल, चिखलात चिन्मय, आणि अन्नपूर्णाबाई भजनाहून परतल्या.

"बापा बापा! अवं स्नेहल, तूप-खजूर पायाखाली? पोट्ट्याले अन्नात बसवून राह्यली तू? पाप लागते माय, पाप!"

"आई, हे सायन्स आहे," स्नेहलता म्हणाली.

"सायन्स म्हनून का अन्न तुडवाचं?"

प्रसंग कठीण होता. एकीकडे अन्न हे पूर्णब्रह्म, दुसरीकडे मेंदूतले धागे. परात उचलली जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात वैजनाथरावांनी पाहणीसाठी म्हणून चिखलात करंगळी बुडवली, आणि पाहणी पूर्ण व्हावी म्हणून ती चाटली. त्यांचे डोळे आपोआप मिटले. कितीतरी वर्षं दुधीखेरीज काही न पाहिलेल्या जिभेवर खजूर आला, मागून तूप आलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा निर्णय तयार होता.

"थांबा," ते म्हणाले. "लेकरू म्हंजे काय? देवाचं रूप. देवापुढं ठेवलं ते काय? नैवेद्य. देवानं हात लावला, मंग उरलं ते काय? प्रसाद. प्रसाद कोनी टाकते काय? प्रसादाले कोनी नाही म्हनते काय? मंग अन्न वाया गेलं कुठं, अन् पाप लागलं कोनाले?"

रोज भजनाला जाणाऱ्या बाईला यावर बोलता येत नाही. अन्नपूर्णाबाईंनी परातीवरचा हात काढला आणि विचारलं, "मंग थो प्रसाद खाईन कोन?"

"कोनाले तरी खावाच लागन," वैजनाथराव म्हणाले. आदिवासी भागात बदली झालेला कारकून जसा आवाज काढतो तसा त्यांचा आवाज नाइलाजाचा होता. "मी हाओ ना."

"कनभर. तुमाले साखर हाये. प्रसाद कनभरच असते."

"कनभरच," त्यांनी कबूल केलं. कण केवढा असतो, हे त्या बैठकीत ठरलं नाही.

तेव्हापासून व्यवस्था लागली. दुपारी स्नेहलता परात मांडायची, फोटो काढायची आणि शिकवणीला आत जायची. त्याच वेळी अन्नपूर्णाबाई भजनाला निघायच्या. ओसरीवर देखरेखीसाठी उरायचे आबा, म्हणजे वैजनाथराव. शिकवणी संपवून स्नेहलता बाहेर येई तेव्हा परात लख्ख असे. अन्नपूर्णाबाईंना वाटे, पोराने खाल्लं आणि उरलेला कणभर यांनी घेतला. स्नेहलतेलाही तसंच वाटे. दोघींना एकच गोष्ट वाटत असल्यामुळे ती खरी आहे की नाही, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

चिन्मयचा या व्यवहारातला वाटा म्हणाल, तर खाण्यापुरता जवळजवळ नव्हता. त्याने पहिल्या दिवशी एक बोट चाटलं, तोंड वाकडं केलं आणि बोट आबांच्या पायजम्याला पुसलं. त्याला गोड आवडत नाही. वरण-भात आणि लोणच्याची फोड, एवढं त्याचं जग होतं.

वैजनाथरावांचं मात्र संवेदी क्रीडेबद्दलचं मत दिवसेंदिवस अनुकूल होत गेलं. त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळे खेळ म्हणजे अर्धवट सोडलेले पदार्थ आहेत. गटाने ज्याला 'वाळू' म्हटलं होतं, ती तुपावर भाजलेली कणीक. म्हणजे न वळलेला लाडू. 'बर्फ' म्हणजे टांगलेला चक्का, ज्याचं श्रीखंड करायचं कोणाच्या तरी जिवावर आलं होतं. 'शेवाळ' म्हणजे दुधात भिजवलेला सब्जा, त्यात हिरवं खसाचं सरबत. याला फालुदा होण्यापासून केवळ संकोचाने अडवलेलं होतं. प्रशासनात असली अर्धवट कामं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, आणि ती पूर्णत्वाला नेणं हे त्यांना कर्तव्य वाटे. म्हणून त्यांनी शिफारसी सुरू केल्या. सगळ्या अर्थात बाळाच्या हितासाठी.

"स्नेहल, वाळू लय गुळगुळीत हाये. हाताले खडे लागले पाह्यजेत, तवा बुद्धी चालन. काजू भरड करून टाक त्याच्यात."

काजू पडले.

"चिखल बोटाले चिकटून नाही राह्यला. तूप कमी पडते."

तूप वाढलं.

"बर्फाचं कसं हाये, बर्फ कुरकुरला पाह्यजे. जाड साखर टाकून पाह्य बरं. चवीसाठी नाही, आवाजासाठी. कानाची संवेदना."

स्नेहलतेला सासऱ्यांचं फार कौतुक वाटलं. तिच्या मैत्रिणींचे सासरे टीव्हीसमोर बसत, पोराकडे बघत नसत. आणि हे कानाच्या संवेदनेपर्यंत पोचले! तिने ते गटावर लिहिलं. गार्गीताईंनी त्यावर हात जोडल्याची खूण पाठवली, आणि मेहकर, मोताळा, जानेफळ इथल्या मातांनी आपापल्या बर्फात जाड साखर घातली.

चिन्मयची कीर्तीही पसरली. 'पूर्ण परात संपवली!' असं स्नेहलता रोज लिही. जी मुलं शेवाळाला हातसुद्धा लावत नव्हती त्यांच्या आयांना चिन्मयचं उदाहरण दिलं जाई. जानेफळची एक आई तर रडकुंडीला आली, की आमच्या पोरीच्या मेंदूचं आता कसं होईल.

मग स्नेहलतेने चिन्मयला वजनकाट्यावर ठेवलं. काटा हलला नव्हता. पुढच्या वेळीही हलला नाही. पोरगं गोविंदासारखंच काटकुळं होतं, दिवसभर घरभर पळत होतं, त्याला काही झालेलं नव्हतं. पण रोज परातभर तूप-खजूर खाणारं पोर काटकुळं कसं? तिचा अभिमान हळूहळू पातळ झाला आणि खाली भीती दिसायला लागली. तेल लावताना ती चिन्मयचं मनगट दोन बोटांत धरून बघायची. एकदा तिचे डोळे भरून आलेले वैजनाथरावांनी ओसरीवरून पाहिले. त्यांच्या तोंडात तेव्हा वाळू होती. त्यांना फार वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात त्यांनी उरलेली परात संपवली.

त्यांची स्वतःची तब्येतही बोलायला लागली होती. घसा सारखा कोरडा पडायचा, तळपायाला मुंग्या यायच्या आणि पायजम्याची नाडी पुरत नव्हती. अन्नपूर्णाबाईंनी हे पाहिलं आणि उपाय केला. अर्धी भाकर होती तिची चतकोर झाली. चतकोर भाकरीवर माणूस जगत नाही, त्याला प्रसादाचा आधार लागतो. म्हणून प्रसाद वाढला. तो वाढला म्हणून तहान वाढली, आणि तहान वाढली म्हणून चतकोर भाकरही बंद व्हायच्या बेतात आली.

शेवटी स्नेहलतेने चिन्मयला डॉ. महामाया इंगळे यांच्याकडे नेलं. पोरगं आबांशिवाय कुठे जात नसे म्हणून आबाही निघाले. चिखलात नेमकं काय काय असतं ते डॉक्टरांना दाखवता यावं, म्हणून स्नेहलतेने डब्यात थोडा बरोबर घेतला होता.

डॉक्टरबाई मेहकरकडच्या. बोलणं साधं. त्यांनी चिन्मयचं पोट दाबलं, डोळे पाहिले, जीभ पाहिली.

"रोज एवढं खाते हा?"

"पूर्ण परात," स्नेहलता म्हणाली. यावेळी त्यापुढे उद्गारचिन्ह नव्हतं.

"अन् अंगाले काहीच लागत नाही?" डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "घाबरू नोको. पन कधीकधी लहान लेकरालेबी साखर असते. खाते लय, अन् वजन वाढत नाही. घरात हाये का कोनाले?"

स्नेहलतेने सासऱ्यांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणूनच ते सोसवेना. "बाबांना आहे," ती म्हणाली.

"मंग रक्त पाहूनच घेऊ. बारीक सुई हाये, पन दंडाले टोचा लागन."

नर्सने चिन्मयची बाही वर केली. तो दंड केवढा? कोवळ्या भेंडीएवढा. वैजनाथराव खुर्चीतून अर्धे उठले. ज्या आजाराचं नाव ऐकलं की त्यांचा स्वतःचा जीव खाली-वर होई, तो आता त्यांच्या नातवाच्या नावावर चढत होता, आणि एक वाक्य बोललं की तो उतरणार होता. एकच वाक्य! पण साऱ्या नोकरीत त्यांनी एकही वाक्य स्वतःच्या नावावर लिहिलं नव्हतं. प्रत्येक कागदावर 'वरिष्ठांच्या आदेशान्वये' असं घालायची त्यांची सवय. आज त्यांनी वरिष्ठ शोधला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, तो कुठे सापडेना.

"थे डॉक्टरबाई... चिखलाचं असं हाये..." एवढं बोलून ते थांबले.

चिखलाचं नाव निघाल्यावर चिन्मयला टेबलावरचा डबा दिसला. तो आईच्या मांडीवरून घसरला, डबा ओढला, फरशीवर फतकल मारली आणि कामाला लागला. त्याने चिखल घेतला, दोन्ही तळव्यांत घोळवून सुबक गोळी केली. मग उभा राहिला आणि दाराकडे बघून कोणी येत नाही ना, याची खात्री केली. ओठांवर बोट ठेवून "चूप" म्हणाला. नंतर आबांचा गुडघा धरून वर चढला.

"आबा, आ."

आबांनी आ केला. सवय होती, काय करतील बिचारे! गोळी आत गेली. आबांचे डोळे मिटले आणि चेहरा उजळला. त्या चेहऱ्याकडे बघून पोरगं खदखदून हसलं, आपल्या लाळेऱ्याने त्यांची मिशी पुसली आणि दुसरी गोळी वळायला खाली उतरलं. स्वतःच्या बोटांना लागलेला चिखल त्याने आबांच्या पायजम्याला पुसला.

डॉक्टरबाईंनी नर्सला नुसती मान हलवून खूण केली. सुई तीच राहिली, दंड बदलला. आलेला आकडा इथे देत नाही, कारण तो वाचून नर्सने यंत्र बिघडलंय का ते तपासलं होतं.

"लेकरू ठणठणीत हाये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोटं तर लय हुशार. पन काका, तुमचं वय असं हाये का, आता पाय कापा लागले तर पुन्हा फुटनार नाहीत."

परतीच्या रिक्षात स्नेहलता आधी हसली आणि मग रडायला लागली. "बाबा, तुम्ही लाडू मागितला असता तर मी दिला नसता, हे खरंय. पण मी याला साखर झाली समजून बसले होते हो. मला जेवण जात नव्हतं."

"चुकलं पोरी माझं," वैजनाथराव म्हणाले. "लय चुकलं." आणि हे वाक्य त्यांनी स्वतःच्या नावावर म्हटलं, कोणाच्या आदेशान्वये नाही.

घरी अन्नपूर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. पदराने डोळे पुसले, कमरेची किल्ली चाचपली आणि म्हणाल्या, "खेळ बंद नाही कराचा. लेकराचा काय गुन्हा? खेळाची सामग्री बदलाची."

दुसऱ्या दिवसापासून परातीत कारल्याचा चिखल आला, मेथीदाणे वाटून. वाळू ज्वारीच्या भरड्याची, बिनतुपाची. शेवाळ दुधीचं. सगळं गटाच्या नियमांना धरून, खाण्याजोगं. चिन्मयला काहीच फरक पडला नाही, कारण त्याचं खेळणं चिखल नव्हतंच मुळी. त्याचं खेळणं आबांचा चेहरा होता. त्याने गोळी वळली, दाराकडे पाहिलं (दारात आजी उभीच होती, तरी पाहिलं), आणि म्हणाला, "आबा, आ."

वैजनाथरावांनी बायकोकडे पाहिलं.

"निर्नय तुमीच देला ना?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "प्रसादाले नाही म्हनत नाहीत."

तर वैजनाथराव आता रोज कारलं खातात. नुसतं खाऊन भागत नाही. चेहरा उजळावा लागतो, नाहीतर पोरगं हिरमुसतं आणि आणखी मोठी गोळी वळून आणतं. म्हणून कडू घास गिळून ते डोळे मिटतात आणि उजळतात. पहिले काही दिवस ते सोंग होतं. हल्ली कारलं तोंडात असतानाही चेहरा खरंच उजळतो असं स्नेहलता म्हणते, आणि आकडाही उतरतोय.

या प्रकरणाची वार्ता गटावर गेल्यावर गार्गीताईंनी घरोघर चौकशी केली. निष्कर्ष गंभीर होते. ज्या ज्या घरांत मूल 'पूर्ण परात संपवत' होतं, त्या प्रत्येक घरात पथ्यावर असलेलं एक वडीलधारं माणूस निघालं. जिथे वडीलधारे गावी राहत होते तिथे हा खेळ मुळीच यशस्वी झाला नव्हता. जानेफळच्या त्या मुलीच्या मेंदूला काहीही झालेलं नव्हतं, तिचे आजोबा रोहिणखेडला राहतात इतकंच. बाळांचं वजन जिल्हाभर होतं तेवढंच राहिलं.

राहता राहिला प्रश्न, की मूल यातून शिकलं काय. गोळी वळायला शिकलं, ही लहान गोष्ट झाली. मोठी गोष्ट ही, की दीड वर्षाचं पोर घास भरवण्याआधी दाराकडे बघायला शिकलं, आणि हे त्याला कोणी बसवून शिकवलेलं नव्हतं.

तुम्ही वैजनाथरावांना हसलात, हरकत नाही. काल तुमच्या पोराच्या ताटात अर्धा लाडू उरला होता. तो तुम्ही वाया जाऊ नये म्हणून, ओट्याशी उभ्याउभ्या, दाराकडे पाठ करून तोंडात टाकलात. त्याआधी एकदा मान वळवून पाहिलंत, कोणी येत नाही ना. तेव्हा खाली फरशीवर बसून तुमचं पोरगं तुमच्याकडेच बघत होतं. तेही शिकलंय. फरक एवढाच, की त्याला अजून कोणी डॉक्टरांकडे नेलेलं नाही.